जीपमधून घेतलेला कौल

आधी काकूंबद्दल. त्यांचं नाव मी लिहिणार होते, पण फोनवर त्यांनीच दम दिला, "नावबिव काही टाकू नको. उद्या गल्लीतल्या बाया म्हणतील, लय शानी झाली ही." म्हणून नुसत्या काकू. जिंतूरच्या, बसस्टँडपासून चालत जाता येईल अशा गल्लीत राहणाऱ्या, एका निवृत्त गुरुजींच्या पत्नी आणि माझ्या घरमालकीण. त्या नसत्या तर आज मी हे काम करत नसते. परत गावी जाऊन काजूच्या कारखान्यात बी सोलत बसले असते आणि आठवीत शाळा सोडलेल्या मुलीचं दुसरं काय होणार, असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं खरं ठरलं असतं. एवढं आधी सांगून टाकलं की पुढचं मला मोकळेपणाने सांगता येईल.

मी कोकणातली, समुद्राच्या कडेच्या गावातली. आईच्या आजारपणात शाळा सुटली ती सुटलीच. पुढे पुण्याला मावसबहिणीकडे आले आणि जनमत चाचण्या घेणाऱ्या एका कंपनीत फोन करायचं काम लागलं. तिथे कुणी शिक्षण विचारलं नव्हतं, फक्त आवाज ऐकला होता. "नमस्कार, आम्ही एका सर्वेक्षणासाठी बोलतोय, आपली पाच मिनिटं मिळतील का?" हे वाक्य मी झोपेतसुद्धा न अडखळता म्हणू शकते. बाजूच्या खुर्च्यांवरच्या मुली मात्र बी.ए., एम.ए. करणाऱ्या. साहेबांनी नुसती हाक मारली तरी वाटायचं, आज विचारणार, हिचं शिक्षण किती? आज सांगणार, उद्यापासून येऊ नकोस.

निवडणूक जवळ आली तशी कंपनीला घरोघरी फिरणारी माणसं कमी पडायला लागली. साहेबांनी विचारलं, "परभणी जिल्ह्यात जाल?" मी नकाशा न बघताच हो म्हटलं. नाही म्हणायची माझी हिंमतच नव्हती. रेल्वेने परभणी, तिथून एसटीने जिंतूर. कुणाच्या तरी ओळखीने काकूंकडची मागची खोली मिळाली.

पहिल्याच संध्याकाळी काकूंनी माझ्यापुढे गरम धपाटे आणि दही ठेवलं आणि समोर मांडी घालून बसल्या.

"काय काम करायलीस म्हणे तू?"

"लोकांना विचारायचं, मत कुणाला देणार, काय अडचणी आहेत, असं."

"त्याला पुण्याहून यायचं काय काम? मला इचारायचं. समदं जिंतूर काय म्हणायलंय ते मी सांगते की."

आतून गुरुजींचा आवाज आला, "समदं जिंतूर म्हणजे हिच्या भजनाच्या बाया. पाच हायेत. त्यातल्या दोघी सख्ख्या जावा."

"तुमी गप बसा."

"बाई, मी तुम्हाला एक सांगतो," गुरुजी बाहेर येऊन मला म्हणाले, "हिनं भाकीत केलं की मी त्याच्या उलटा निकाल धरून चालतो. आजवर एकदाबी चुकलो न्हाई."

काकू चिडल्या नाहीत. त्यांचा स्वतःवर पूर्ण विश्वास होता. भजनाच्या बायका मिळून पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेल्या की येताना बसमध्ये त्या सगळ्यांना कोण निवडून येणार ते विचारायच्या, आणि बसमधल्या सगळ्यांचं एकमत झालं की निकाल लागला असं समजायच्या. बसमध्ये सगळ्या ह्यांच्याच गल्लीतल्या असतात, ही गोष्ट त्यांच्या कधी मनात आली नव्हती. मला हसू आलं. तेव्हा वाटलं, आपण तर टॅब घेऊन, नियमाने काम करणारी माणसं. आपलं असं थोडंच होणार आहे!

नियम कसे, तर गावातल्या शाळेपासून सुरुवात करायची. उजवी बाजू धरून चालायचं. ठरलेल्या आकड्याएवढी घरं सोडून पुढच्या घरात शिरायचं. घरात जो पहिला भेटेल त्याला पकडायचं नाही. घरातल्या मोठ्या माणसांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे होऊन गेला त्यालाच विचारायचं. म्हणजे पुढेपुढे करणारा एकटाच बोलत राहत नाही. पुण्यात प्रशिक्षणात हे ऐकताना मला फार हुशारीचं वाटलं होतं. इथे पहिल्याच घरी विचारलं, "तुमचा वाढदिवस कधी?"

"एक जून."

"तुमच्या मालकांचा?"

"त्यांचाबी एक जूनच."

सासऱ्यांचा एक जून, दिराचा एक जून. पुढच्या घरातही तेच. संध्याकाळी घरी येऊन हे सांगितलं तर गुरुजींना हसता हसता ठसका लागला. "अहो, शाळेत नाव घालायला आणलेल्या लेकराचा जन्म कधीचा हे आई-बापाला माहीत नसायचं. मग आम्ही लिहायचो, एक जून. शाळेला वय बरोबर बसायचं. ह्या भागातल्या कितीक लोकांचा वाढदिवस मीच ठरवलाय!" मी साहेबांना कळवलं. ते म्हणाले, असं असेल तिथे टॅबच चिठ्ठी काढेल, तो ज्याचं नाव दाखवेल त्याला विचारा. आणि ते माणूस घरी नसेल तर जे असेल त्याला विचारून पुढे चला.

त्या दिवसांत कापूस वेचणी जोरात होती. हातपाय चालणारं प्रत्येक माणूस रानात. सकाळी दहानंतर गावात राहायची ती म्हातारी माणसं, पारावर बसणारे दोन-चार पुढारी आणि कोंबड्या. तरी मी नेटाने फिरत होते. येलदरी धरणाच्या बाजूची गावं लांबलांब, म्हणून कंपनीच्या परभणीतल्या माणसाने मला एक जीप लावून दिली होती. चालवणारे भाऊ फार सज्जन. मी घरात शिरले की ते पारावरच्या माणसांत जाऊन बसायचे आणि मी बाहेर येईपर्यंत माझ्यासाठी चहा सांगून ठेवायचे.

आणि लोक! इतकी अगत्याची माणसं मी बघितली नव्हती. जीप गावात शिरली की लोक उठून उभे राहायचे. "या, या म्याडम. बसा. लिवा." मत कुणाला? सगळे एकाच उमेदवाराचं नाव घ्यायचे, आधीपासून आमदार असलेल्याचंच. कामावर समाधानी? लय समाधानी. रस्ते कसे आहेत? बेस. हे सांगणाऱ्या आजोबांच्या दारासमोरच्या खड्ड्यात आमच्या जीपचं चाक अडकलं होतं आणि चार पोरं ते ढकलत होती. पाणी येतं का? भरपूर. त्याच वेळी डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई आमच्या मधून वाट काढत गेली, थांबली, आजोबांकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता निघून गेली. मी टॅबवर "भरपूर" असं दाबलं. मला वाटलं, किती सरळ लोक आहेत. काम किती पटापट होतंय. साहेब खूश होणार.

साहेबांचा फोन आला तेव्हा मी अंगणात कपडे वाळत घालत होते.

"तुमच्या गावांचा डेटा बघतोय. सगळी गावं मिळून एकाच माणसाने भरल्यासारखी दिसतायत."

"सर, लोकांनीच तसं सांगितलं."

"वरच्या लोकांना शंका येतेय की तुम्ही झाडाखाली बसून भरलंय. मी तसं म्हणत नाही, पण त्यांचं म्हणणं असं आहे. एक करा. त्याच गावांत पुन्हा जा, दुसरी घरं घ्या. परत असंच आलं तर काम थांबवून पुण्याला या आणि टॅब जमा करा."

मी "हो सर" म्हटलं. ओली साडी हातातच राहिली. मी एकही उत्तर मनाने भरलं नव्हतं. पण ते सिद्ध कसं करायचं? एखादी एम.ए. झालेली मुलगी असती तर तिच्यावर असा संशय घेतला असता का, हाच विचार डोक्यात फिरायला लागला. घरच्यांना काय सांगायचं, कारखान्यात परत घेतील का, इथपर्यंत मी पोचले. काकूंनी दोनदा विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. एरवी त्या वेळी काकू पूजेला बसलेल्या असायच्या आणि जीप गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची. त्यामुळे त्या दोघांची कधी गाठ पडली नव्हती. त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, डबा ओट्यावरच विसरला. काकू तो घेऊन मागून धावत आल्या आणि जीप बघून जागच्या जागी थांबल्या.

"अगं, ही जीप?"

"हो. रोज हीच येते."

डबा माझ्या हातात द्यायचा सोडून त्यांनी स्वतःच्याच कमरेवर टेकवला. "आन तू ह्या जीपीत बसून गावात जायलीस? मत कुणाला देणार म्हणून इचारायला?"

"का? काय झालं?"

"वर बघ."

मी वर बघितलं. टपावर लोखंडी अँगल होते, दोन पुढे, दोन मागे. ते मी पहिल्या दिवसापासून बघत होते. सामान बांधायला असतील असं मला वाटलं होतं.

"भोंगे असतेत तिथं, भोंगे! मागल्या इलेक्शनात ही जीप सकाळ-संध्याकाळ आमच्या गल्लीत वरडत फिरत होती. कान किटले होते."

जीपवाल्या भाऊंनी काचेतून डोकं बाहेर काढलं. चेहऱ्यावर अभिमान. "मागल्याच न्हाई काकू, त्याच्या मागल्याबी. दोन्ही टायमाला आमदार सायबाचा प्रचार आपल्याच जीपीनं केला. तालुक्यातलं लहान लेकरूबी वळखतंय हिला."

मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं कुठं म्याडम? मला वाटलं, म्हणूनच आपली जीप लावली."

"आणि गावात लोक विचारत नाहीत, या बाई कोण म्हणून?"

"इचारतेत की. मी म्हणतो, पुण्याहून आल्यात. पुढं लोक आपलं आपण समजून घेतेत."

काकू हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, अगदी मनापासून. मला रडू येत होतं आणि त्या हसत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, हसू आवरलं आणि विचारलं, "काल फोन आलता तो ह्याचाच का?" तेव्हा मी सगळं सांगितलं. पुन्हा तसंच आलं तर काम गेलं, हेही सांगितलं.

"येत न्हाई तसंच," त्या म्हणाल्या. "भाऊ, तुमी जावा घरी. आमी येष्टीनं जाताव."

"आम्ही म्हणजे?"

"म्हणजे मीबी. एकटी कुठं फिरतीस तू? वळखीचं कुणी नसलं तर घरात कोण घेईल?"

गुरुजींनी दारातूनच सावध केलं, "बाई, हिला नेताय खरं, पण ही बोलल्याबिगर राहायची न्हाई."

ते खरं ठरलं, आणि तेही पहिल्याच घरात. काकूंच्या सल्ल्याने आम्ही दुपार टळल्यावर निघालो होतो, म्हणजे रानातली माणसं घरी येतात तेव्हा गावात असू. एसटीने उतरून चालत गेलो. कापूस वेचून आलेली एक बाई हातपाय धुऊन नुकती टेकली होती. टॅबवर तिचीच चिठ्ठी निघाली. मी विचारलं, "तुमच्या गावातली सगळ्यात मोठी अडचण कोणती?" ती विचार करायला लागली. एवढ्यात शेजारून काकू म्हणाल्या, "पाणी म्हण की. पाणीच हाय ना?"

"हाव," ती म्हणाली. "पाणीच."

ते घर मला सोडून द्यावं लागलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काकू, असं नाही चालत!"

"खोटं सांगितलं का मी? पाण्याची वणवण न्हाई का हितं?"

"असेल. पण ते त्यांच्या तोंडून यायला हवं. तुम्ही सुचवलंत की त्या तुमच्यासाठी हो म्हणणार."

"माझ्यासाठी कशाला म्हणल? मी काय तिची सासू हाय?"

मी त्यांना शपथ घातली की पुढच्या घरात एक शब्द बोलायचा नाही. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि खरंच गप्प बसल्या. त्या गप्प बसल्यावर त्यांचा चेहरा किती बोलतो हे मला तेव्हा कळलं. मी तोच प्रश्न विचारला. समोरच्या बाईने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "डुकरं."

"डुकरं?"

"रानडुकरं. समदं रान उकरून ठेवतेत. मालकाला रातभर राखण करावी लागतीय. चार दिस झाले, माणूस घरात झोपला न्हाई."

बाहेर पडल्यावर काकू रानाकडे बघत चालत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हे मला सुचलंच नसतं बघ."

त्यानंतर त्यांनी स्वतःच स्वतःसाठी काम शोधून काढलं. अडचण व्हायची ती घरातल्या मोठ्या माणसांची. एका घरात ढाळजेत, म्हणजे दारातून आत गेल्या गेल्या जी बसायची जागा असते तिथे, म्हातारे सासरे बसलेले होते. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "घरातली समदी मतं माझ्याकडंच हायेत. एकदा इचारा आन समद्यांचं लिवून घ्या. कशाला येळ घालवता?" टॅबने चिठ्ठी काढली होती त्यांच्या सुनेची. ती आत चुलीपाशी होती आणि सासऱ्यांसमोर तोंड उघडणार नव्हती, हे मला दिसत होतं. काकू पुढे झाल्या, ढाळजेच्या कडेला टेकल्या.

"आबा, ते जाऊ द्या. धाकट्या पोराचं जमलं का कुठं?"

झालं. आबांनी पाय पसरले. "कुठलं जमतंय ताई! पोरगं निर्व्यसनी, दोन एकर बागाईत. पण समद्यांना नोकरीवालाच पायजे..." मी उठून मागच्या अंगणात कधी गेले हे त्यांना कळलंही नाही. तिकडे मुलींच्या आई-बापांना नावं ठेवणं चाललं होतं आणि इकडे सून माझ्यासमोर उकिडवी बसली होती. मताचा प्रश्न आला तेव्हा मी टॅब तिच्याच हातात दिला आणि पाठ फिरवून बसले.

"हे मामंजींना दिसल का?"

"नाही. कुणी काय दाबलं ते मलाही बघायचं नाहीये."

तिने दाबलं. मग टॅब परत देताना हळूच म्हणाली, "मतपेटीसारखंच हाय की." आणि हसली.

एका पारावर मला जीपच्या वेळचा एक माणूस भेटला. चहा पाजणाऱ्यांपैकीच. मोठ्याने म्हणाला, "काय म्याडम, आज पायी? पार्टीनं गाडी काढून घेतली का?" सगळे हसले.

मी म्हटलं, "जीप पार्टीची आहे हे मलाच माहीत नव्हतं हो. आम्ही कुणाचेच नाही."

"आँ? मंग आमी त्या दिवशी उगंच एवढं कौतुक केलं म्हणायचं!"

"म्हणजे ते खोटं होतं?"

तो दुखावल्यासारखा झाला. "खोटं कसं? दारात पाव्हणा आला आन त्याच्या तोंडावर त्याच्या माणसाला नावं ठेवायची? असं करतेत का कुणी तुमच्याकडं?"

कुणी मला फसवलं नव्हतं. जीप बघून त्यांनी मला मान दिला होता आणि मी तो मान मोजून पुण्याला पाठवला होता.

असे आम्ही बरेच दिवस फिरलो. काकू संध्याकाळी पाय चोळत बसायच्या आणि सकाळी पुन्हा तयार. येलदरीला मासेमारी करणाऱ्यांच्या वस्तीवर गेलो तेव्हा तर माणसं पाण्यावरून परत येईपर्यंत काठावर थांबलो. भजनाला दांडी मारायची वेळ त्यांच्यावर फारशी कधी आली नव्हती. ह्या वेळी तीही आली. यातून त्यांना काय मिळत होतं कुणास ठाऊक.

नवीन आकडे गेले. एका घरात एक, दुसऱ्यात दुसरं, एकाच घरात दीर-भावजयीचं वेगवेगळं, आणि बरेच जण "अजून ठरवलं नाही" वाले. मला आनंद व्हायला हवा होता, पण नवीनच भीती बसली. पहिल्या आणि दुसऱ्या फेरीत एवढा फरक बघून साहेब म्हणतील, आता दुसरीच कहाणी रचली. जीपचं सांगितलं तर म्हणतील, तुम्हाला डोळे नव्हते का? न सांगितलं तर फरक कसा समजावणार?

ते वाट बघण्याचे दिवस टीव्हीसमोर गेले. रोज एक नवा अंदाज यायचा. काकू म्हणायच्या, "बघ, हेबी तेच म्हणायलेत. मी म्हणलंच होतं." आता मात्र मला राहवत नसे. मी विचारायचे, किती लोकांना विचारलं ते खाली लिहिलंय का? फोनवर विचारलं की घरी जाऊन? कधी? पैसे कुणी दिले? पुण्यात फोन करताना मी पाहिलं होतं, दुपारी फोन उचलून सगळे प्रश्न पुरे होईपर्यंत बोलणारा माणूस म्हणजे एक तर निवांत बसलेला किंवा कुणावर तरी चिडलेला. कामातला माणूस दुसऱ्या वाक्याला फोन ठेवतो आणि त्याचं मत कुठेच येत नाही. आणि सगळ्यात गंमत "सांगता येत नाही" म्हणणाऱ्यांची. पडद्यावर आकडे येतात तेव्हा हे लोक बहुतेक वेळा गायब असतात. त्यांना बाजूला काढून उरलेल्यांचेच शंभर टक्के धरलेले असतात.

गुरुजींना हे फारच आवडलं. "म्हणजे गैरहजर पोरांना वगळायचं आन वर्गाचा निकाल शंभर टक्के! अहो, हे आम्ही इन्स्पेक्टर आले की करायचो."

"मंग काय, समदं खोटंच का?" काकूंनी विचारलं.

"खोटं नाही काकू. पण कुणाला विचारलं, कुणी विचारलं आणि समोर कोण बसलं होतं हे कळल्याशिवाय मी तरी धरून चालणार नाही."

"माझ्या भजनाच्या बायांसारखं."

हे त्या स्वतःहून म्हणाल्या. गुरुजींनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि त्यांच्याकडे बघत राहिले.

साहेबांचा फोन आला तेव्हा काकू समोर भाजी निवडत होत्या. "दोन फेऱ्यांत इतका फरक कसा?" मी काकूंकडे बघितलं. काकूंनी मेथीची जुडी हातात धरूनच मान हलवली, सांग. मी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "सांग की. जीप तू आणलीस का?"

मी सांगितलं. जीप, भोंग्याचे अँगल, दुपारची रिकामी गावं, पाहुण्याचा मान, आबांची मतं, सगळं. बोलताना माझा आवाज असा कापत होता की फोनवरच्या माझ्या त्या पाठ वाक्याचा आणि ह्या आवाजाचा काही संबंध आहे असं कुणी म्हणालं नसतं.

"टपावरचे अँगल तुम्ही रोज बघत होता ना?"

"हो सर. मला वाटलं सामान बांधायला असतात."

आणि साहेब हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच ऐकलं. "मलाही तेच वाटलं असतं," ते म्हणाले. मग एकदम गंभीर झाले. "आपली बाकीची टीम कुठल्या कुठल्या गाड्यांतून फिरतेय हे मी कुणालाच विचारलेलं नाही. आता विचारावं लागणार. पहिली फेरी काढून टाकतो, दुसरी ठेवतो. तुम्ही दोन दिवसांत हिंगोलीला जा. तिथल्या मुलींना काम सुरू करायच्या आधी हे सगळं सांगा. जसं मला सांगितलंत तसंच."

"म्हणजे काम...?"

"काम आहे ना. म्हणून तर हिंगोलीला जा म्हणतोय."

फोन ठेवल्यावर मी काकूंच्या गळ्यात पडले. त्या मेथीसकट. गुरुजी आतून विचारत होते, "काय झालं? काय झालं?" आणि काकू म्हणत होत्या, "काही न्हाई, पोरगी जायलीय हिंगोलीला," आणि डोळे पुसत होत्या.

निकाल लागला तेव्हा मी हिंगोलीहूनही पुढे गेले होते. गुरुजींचा फोन आला, काकूंनी निवडून येणार म्हटलेला उमेदवार पडल्याची बातमी द्यायला. फार खुशीत होते. आमच्या कंपनीचा अंदाज काही ठिकाणी बसला, काही ठिकाणी साफ फसला. माझी ती मोजकी गावं बरोबर होती म्हणून मिरवावं असं त्यात काही नाही, एवढ्या मोठ्या राज्यात ती चिमूटभर. पण त्यातलं एकही उत्तर कुणी मला खूश करायला दिलेलं नव्हतं, एवढं मला माहीत आहे आणि त्यावर मी शांत झोपते.

जिंतूरहून निघायच्या दिवशी काकू मला बसस्टँडवर सोडायला आल्या होत्या. बस लागायला वेळ होता. शेजारी बसून त्या म्हणाल्या, "एवढी गावं पालथी घातलीस. मला मात्र एकदाबी इचारलं न्हाईस."

"काकू, ओळखीच्या माणसाला विचारायचं नाही, असा नियम आहे. तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बोलाल, नाहीतर मी माझ्या मनाप्रमाणे लिहीन."

"मंग मला कोण इचारणार? लगीन होऊन आले तवापासून मत टाकायलेय. आजवर दारात कुणीच आलं न्हाई, बाई तुझं काय म्हणणं हाय म्हणून."

मी हसण्यावारी नेलं, कारण बस लागली होती आणि मला रडायचं नव्हतं. पण त्या वाक्याने मला अजून सोडलेलं नाही. इतक्या अनोळखी घरांत शिरून मी बायांना "तुमचं काय म्हणणं?" असं विचारते आणि जिने मला तिथवर नेलं तिलाच विचारायची मला परवानगी नाही.

म्हणून काकू, हे वाचाल तेव्हा ऐका. निवडणूक नसेल, कंपनीचं काम नसेल, अशा एखाद्या दिवशी मी माझ्या खर्चाने जिंतूरला येणार आहे. टॅब आणणार नाही. तुमच्या अंगणात बसेन आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे प्रश्न तुम्हाला विचारीन, पाण्याचे, रस्त्याचे, तुम्हाला काय हवं होतं आणि काय मिळालं त्याचे. गुरुजींना तेवढा वेळ बाजारात पाठवू. तुमचं उत्तर कितीही लांबलं तरी मी मध्ये बोलणार नाही, आणि ते कुठेही पाठवणार नाही. तुमच्या उपकारातलं एवढं तरी मी नक्की फेडीन.